टू-स्ट्रोक आउटबोर्ड इंजिनातील संपीडनदोषाचे निदान

टू-स्ट्रोक आउटबोर्ड इंजिनातील संपीडनदोषाचे निदान म्हणजे होडीच्या मागील बाजूस बसवल्या जाणाऱ्या दोन धावांच्या इंजिनाच्या सिलिंडरमध्ये पुरेसा दाब का निर्माण होत नाही, हे चाचण्यांद्वारे ठरवण्याची प्रक्रिया होय. उघडून पुन्हा बांधलेल्या इंजिनात या निदानाला विशेष महत्त्व असते. पिस्टन बदलल्याने खराब झालेला भाग बदलतो. परंतु तो ज्या कारणाने खराब झाला ते कारण इंजिनातच राहू शकते. अशा वेळी नवा पिस्टनही लवकरच निकामी होतो. लहान होडीवर बहुधा एकच इंजिन असल्याने ते समुद्रात बंद पडणे हा केवळ खर्चाचा नव्हे, तर सुरक्षिततेचाही प्रश्न ठरतो.

कार्यतत्त्व

दोन धावांच्या इंजिनात क्रँकशाफ्टच्या प्रत्येक फेऱ्यात एकदा ज्वलन होते. पिस्टन वर जाताना त्याच्या माथ्यावरील मिश्रण दाबले जाते व त्याच वेळी खालील क्रँककेसमध्ये ताजे मिश्रण ओढले जाते. पिस्टन खाली येताना हे मिश्रण सिलिंडरच्या भिंतीतील पोर्टमधून वर ढकलले जाते. त्यामुळे पिस्टनच्या वर आणि खाली अशा दोन्ही ठिकाणी हवाबंदपणा आवश्यक असतो. वरचा दाब मुख्यतः पिस्टन रिंग, सिलिंडरची भिंत, हेड गॅस्केट आणि स्पार्क प्लगची बैठक यांवर, तर खालचा दाब क्रँकशाफ्टची ऑइल सील व क्रँककेसचे सांधे यांवर अवलंबून असतो. ज्या इंजिनांत वंगणतेल पेट्रोलमध्येच मिसळले जाते, त्यांत इंधन कमी पडले की तेलही कमी पडते.

दाबाची चाचणी

चाचणीपूर्वी शक्य असल्यास इंजिन गरम करतात. सर्व स्पार्क प्लग काढून प्रज्वलन बंद करतात व प्लगच्या तारा इंजिनाच्या धातूला जोडून ठेवतात. थ्रॉटल पूर्ण उघडून गेजचा काटा चढायचा थांबेपर्यंत इंजिन फिरवले जाते. थ्रॉटल बंद राहिल्यास किंवा गेजची जोडणी सैल असल्यास चांगल्या इंजिनातही दाब कमी दिसतो. म्हणून संशयास्पद चाचणी प्रथम पुन्हा करतात.

योग्य दाब प्रत्येक इंजिनानुसार वेगळा असतो. सिलिंडरांमधील फरक हा एकट्या आकड्यापेक्षा अधिक बोलका असतो. तीन सिलिंडरांत १२०, ११८ आणि ८५ पौंड प्रति चौरस इंच असा दाब आल्यास तिसरा सिलिंडर सदोष मानला जातो. सर्व सिलिंडरांत दाब सारखाच कमी असेल, तर गेज, चाचणीची पद्धत किंवा सर्वत्र झालेली झीज यांचा विचार होतो.

गळतीची जागा शोधण्यासाठी पिस्टन सर्वांत वरच्या बिंदूवर रोखून सिलिंडरमध्ये दाबाखालील हवा सोडतात. हवा क्रँककेसमध्ये उतरत असेल, तर रिंग, सिलिंडर किंवा छिद्र पडलेला पिस्टन दोषी असतो. ती शेजारच्या सिलिंडरमधून किंवा शीतक पाण्याच्या मार्गातून येत असेल, तर हेड गॅस्केट किंवा हेडवर संशय जातो.

पुनर्बांधणीतील दोष

नव्याने बांधलेल्या इंजिनात रिंग भिंतीवर बसेपर्यंत दाब थोडा कमी असू शकतो. मात्र मोठी तूट जोडणीतील चूक दर्शवते. वाढीव मापाच्या बोअरमध्ये मूळ मापाचा पिस्टन बसवणे, रिंगच्या टोकांमधील फट तपासून न घेणे, रिंगची टोके खाचेतील पिनवर नीट न बसवणे आणि हेडचे बोल्ट ठरलेल्या क्रमाने व ताणाने न आवळणे ही त्याची सामान्य कारणे आहेत. बोअर वाढवल्यानंतर पोर्टच्या कडा बोथट केल्या नाहीत, तर रिंग त्यांत अडकून तुटते.

पिस्टनवरील खुणा

* चार ठिकाणी उभे ओरखडे: पिस्टन सिलिंडरपेक्षा वेगाने प्रसरण पावला. थंड इंजिनावर एकदम भार देणे किंवा दोघांमधील मोकळीक अपुरी असणे हे त्याचे कारण असते. ॲल्युमिनियमचे प्रसरण बिडाच्या जवळजवळ दुप्पट असते.
* एक्झॉस्टच्या बाजूस ओरखडे: हवेच्या तुलनेत इंधन कमी पडणे, अपुरे तेल किंवा अतितापन.
* माथ्याच्या मध्यभागी वितळलेले छिद्र: मिश्रण ठिणगीपूर्वीच पेटणे. चुकीच्या उष्णता-श्रेणीचा स्पार्क प्लग हे याचे एक कारण आहे.
* माथ्याच्या कडेला खड्डे व रिंगमधील तुटलेल्या भिंती: ठोके देणारे अनियंत्रित ज्वलन. कमी ऑक्टेनचे इंधन किंवा वेळेपूर्वी पडणारी ठिणगी यांमुळे ते घडते.
* गजन पिनच्या रेषेत खोल उभी खाच: निसटलेली सर्क्लिप.

मूळ कारणाचा शोध

पिस्टनवरील खूण परिणाम सांगते. कारण इंजिनाच्या इतर भागांत शोधावे लागते. कार्ब्युरेटरच्या जेटमध्ये साचलेला राळेसारखा थर, हवा ओढणारी इंधननळी किंवा गळके ऑइल सील यांमुळे मिश्रणात हवेचे प्रमाण वाढते. एकाच कार्ब्युरेटरचा जेट तुंबल्यास बहुधा त्याच्याशी संबंधित सिलिंडर जळतो. क्रँककेसच्या गळतीसाठी त्याची तोंडे बंद करून कमी दाबाची हवा भरतात आणि दाब टिकतो का ते पाहतात.

अतितापनाच्या बाबतीत पाण्याच्या पंपाचा रबरी इंपेलर, थर्मोस्टॅट आणि पाण्याचे मार्ग तपासतात. खाऱ्या पाण्यात चालणाऱ्या इंजिनात क्षार साचून हे मार्ग अरुंद होतात. दर्शक नळीतून पाण्याची धार येणे म्हणजे पंप चालू असल्याची खूण होय. प्रत्येक सिलिंडरभोवती पाणी पोहोचते याची ती हमी नव्हे. इंपेलरचे तुटलेले तुकडे पुढील मार्गात अडकून राहू शकतात, म्हणून ते सर्व शोधून काढणे आवश्यक असते.

जोडणीनंतरची काळजी

सुरुवातीच्या तासांत निर्मात्याने सांगितलेले तेलाचे प्रमाण पाळले जाते. अनेक इंजिनांत ते नेहमीच्या ५०:१ ऐवजी २५:१ असते. या काळात दीर्घकाळ पूर्ण वेगाने चालवणे टाळतात. हा काळ संपल्यावर घेतलेली दाबाची नोंद पुढील चाचण्यांसाठी आधार ठरते. कालांतराने दाब घसरू लागल्यास या नोंदीशी तुलना करून दोष इंजिन बंद पडण्यापूर्वीच लक्षात येऊ शकतो.