विकेंद्रित फाइल-विनिमय : सूचीचे स्थान आणि कायदेशीर दायित्व

एका संगणकावरील फाइल दुसऱ्यावर पोहोचविणे फारसे अवघड नाही. ती कोणत्या संगणकावर आहे हे शोधणे अवघड. तंत्रज्ञ आणि न्यायालये यांची गाठ पडली ती नेमकी या शोधाच्या प्रश्नापाशी.

१९९९ साली अमेरिकेत सुरू झालेल्या नॅपस्टरमध्ये गाणी वापरणाऱ्यांच्याच संगणकांवर राहत. कोणते गाणे कोणाकडे आहे याची सूची मात्र संस्थेच्या यंत्रांवर असे. त्यामुळे शोध झटपट लागे. परंतु ज्याच्याजवळ सूची, त्याला प्रताधिकारभंगाची जाणीव असणार आणि तो रोखण्याचे सामर्थ्यही असणार, हा युक्तिवाद प्रतिपक्षास आयताच मिळाला. फेब्रुवारी २००१ मध्ये अपील न्यायालयाने तो मुख्यतः ग्राह्य धरला. जुलैत नॅपस्टरची सेवा थांबली.

मग सूचीच नसली तर? २००० साली अवतरलेल्या ग्नुटेला पद्धतीत प्रत्येक यंत्र आपला प्रश्न शेजारच्या यंत्रांना विचारी, ती आपापल्या शेजाऱ्यांना. प्रत्येकास ४ शेजारी आणि प्रश्नाची मजल ७ टप्पे धरली, तर एका शोधापायी ४,३७२ यंत्रांपर्यंत तसदी पोहोचते. आणि एवढे करूनही आठव्या टप्प्यावरील फाइल सापडत नाही ती नाहीच. गावोगाव दवंडी पिटून माणूस शोधण्याचाच हा प्रकार होय.

या उधळपट्टीच्या मोबदल्यात कायद्याचे संरक्षण काही काळ लाभले. ग्रोक्स्टर व स्ट्रीमकास्ट या कंपन्यांच्या बाजूने २००३ व २००४ साली खालच्या न्यायालयांनी कौल दिला. तथापि जून २००५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो एकमताने फिरविला. ज्या वस्तूचा वैध उपयोग लक्षणीय आहे तिच्या विक्रेत्यास केवळ विक्रीमुळे दोषी धरू नये, हे सोनी कंपनीच्या खटल्यातील १९८४ चे तत्त्व अबाधित राहिले. पण नॅपस्टरच्या ग्राहकांना खुणावून प्रताधिकारभंगास उत्तेजन देणाऱ्यास त्याचा आसरा नाकारला गेला. न्यायालयाने रचनेपलीकडचा हेतू पाहिला, आणि तेच योग्य होते.

तंत्रज्ञांचा पुढील उपाय अधिक बुद्धिमान ठरला. २००२ साली मांडलेल्या कॅडेम्लिया पद्धतीत प्रत्येक यंत्र सूचीचा अल्पसा अंश सांभाळते, आणि दहा लाख यंत्रांतही ठिकाण सुमारे २० टप्प्यांत लागते. मात्र फाइलचा नेमका संकेतांक आधी ठाऊक हवा. नावावरून शोध होत नाही. संकेतांकांसाठी याद्या देणारी संकेतस्थळे लागलीच, आणि घालवून दिलेले केंद्र मागील दाराने परतले. २००९ साली स्टॉकहोमच्या न्यायालयाने ‘पायरेट बे’ या अशाच स्थळाशी संबंधित चौघांना दोषी ठरविले.

एक लाभ निर्विवाद आहे. बिटटॉरेंटमध्ये संकेतांक आशयावरूनच काढलेला असल्याने तुकडा वाटेत बदलला गेल्यास तत्काळ उमगते. लिनक्सच्या प्रती वाटणाऱ्यांना त्याचा मोठा उपयोग होतो. परंतु येथे घेणारा देणाराही असतो, आणि त्याच्या यंत्राचा जालपत्ता समूहातील इतरांना दिसतो. मध्यस्थ हाती लागेना तेव्हा वादींनी वापरणाऱ्यांकडे मोर्चा वळविला होताच : सप्टेंबर २००३ मध्ये अमेरिकेतील ध्वनिमुद्रण कंपन्यांनी एकाच वेळी २६१ व्यक्तींवर दावे दाखल केले.