गोलरक्षकाचा उघडा चेहरा आणि सहा नोकऱ्या : आईस हॉकीत मुखवटा कसा आला

आईस हॉकीचा गोलरक्षक म्हटले की आज रंगीत मुखवटा डोळ्यांसमोर येतो. परंतु उत्तर अमेरिकेतील ‘नॅशनल हॉकी लीग’ अर्थात एनएचएल या सर्वांत प्रतिष्ठेच्या व्यावसायिक स्पर्धेत १९५९ सालच्या हिवाळ्यापर्यंत गोलरक्षक उघड्या चेहऱ्याने उभे राहत असत. माँट्रियलच्या क्लिंट बेनेडिक्ट यांनी १९३० मध्ये नाक मोडल्यानंतर काही सामने चामडी मुखवटा लावला होता, पण दृष्टीला अडथळा होतो म्हणून तो त्यांनी सोडून दिला. त्यानंतर जवळजवळ तीन दशके कोणी त्या वाटेला गेले नाही. ही प्रथा मोडणारे गोलरक्षक होते जाक प्लांत. चेहरा झाकण्याइतकी साधी गोष्ट घडायला एवढा काळ का लागला, याचे उत्तर शौर्याच्या कल्पनांइतकेच नोकरीच्या हिशेबातही सापडते.

मैदानी हॉकीशी परिचित असलेल्या वाचकाने प्रथम या खेळातील धोका समजून घ्यायला हवा. येथे चेंडू नसतो. ‘पक’ नावाची कडक रबराची चकती असते. व्यास तीन इंच, जाडी एक इंच आणि वजन सुमारे १६० ग्रॅम. गोल सहा फूट रुंद आणि चार फूट उंच. जोरदार फटक्यावर ही चकती ताशी दीडशे किलोमीटरहून अधिक वेगाने येऊ शकते. त्यात गोलासमोर दोन्ही संघांच्या खेळाडूंची दाटी असते. चकती कुणाच्या काठीला किंवा पायाला लागून दिशा बदलते आणि गोलरक्षकाला ती अखेरच्या क्षणी दिसते. ती पाहण्यासाठी त्याला वाकावे लागते, म्हणजे चेहरा नेमका तिच्या मार्गात येतो. १९५० च्या दशकात काठी मागे उंच नेऊन मारायचा ‘स्लॅप शॉट’ रूढ झाला आणि धोका आणखी वाढला. हा फटका लोकप्रिय करणाऱ्यांत प्लांत यांचेच सहकारी बर्नी जॉफ्रियाँ होते, त्यामुळे सरावातही सुटका नव्हती. प्लांत यांच्या गालाची हाडे मोडली तीही सरावात, स्वतःच्याच संघातील खेळाडूंच्या फटक्यांनी.

आता नोकरीचा हिशेब. १९४२ ते १९६७ या काळात एनएचएलमध्ये अवघे सहा संघ होते आणि त्यातील बहुतांश काळ प्रत्येक संघ सामन्याला एकच गोलरक्षक घेऊन जाई. संपूर्ण लीगमध्ये गोलरक्षकाच्या जागा सहा, आणि त्यांवर डोळा ठेवून खालच्या लीगमध्ये वाट पाहणारे कितीतरी. बाकावर राखीव गोलरक्षक नसे. जखम झाली तर सामना थांबे, आत नेऊन टाके घालत आणि तोच माणूस परत गोलात उभा राही. अशा स्थितीत मुखवटा मागणे म्हणजे आपण घाबरलो आहोत, असे मालकाला स्वतःहून सांगणे. दाद मागण्याचीही सोय नव्हती. टेड लिंडसे यांनी १९५७ मध्ये खेळाडूंची संघटना उभारण्याचा प्रयत्न केला, तेव्हा डेट्रॉइटने त्यांची रवानगी शिकागोच्या संघात केली. संघटना मोडून पडली.

या व्यवस्थेची किंमत शरीर मोजत होते. टेरी सॉचक यांच्या चेहऱ्यावर कारकिर्दीत सुमारे चारशे टाके पडल्याचे सांगितले जाते. ग्लेन हॉल यांनी १९५५ ते १९६२ या काळात मुखवट्याविना सलग ५०२ सामने खेळले. हा विक्रम मोडला जाण्याची शक्यता आज नाही. तेच हॉल सामन्याआधी ताणामुळे ओकत असत, हे मात्र विक्रमाच्या तक्त्यात दिसत नाही.

प्लांत यांचा जन्म १९२९ मध्ये कॅनडाच्या क्युबेक प्रांतात झाला. अकरा भावंडांत ते थोरले. दम्यामुळे फार वेळ स्केटिंग जमेना, म्हणून ते गोलाकडे वळले. आईकडून विणकाम शिकलेले प्लांत स्वतः विणलेली लोकरी टोपी घालून खेळत; माँट्रियल कॅनेडियन्स संघात आल्यावर प्रशिक्षक डिक आयर्विन यांनी ती काढायला लावली. गोल सोडून पुढे येणे, जाळीमागे जाऊन चकती ताब्यात घेणे आणि सहकाऱ्याला देणे या त्यांच्या सवयीही तेव्हा विक्षिप्त मानल्या गेल्या. आज त्या गोलरक्षणाच्या पहिल्या धड्यांत शिकवल्या जातात.

सायनसच्या शस्त्रक्रियेनंतर ते सरावात मुखवटा वापरू लागले. फायबरग्लासच्या व्यवसायातील बिल बर्चमोर यांनी त्यांच्या चेहऱ्याचा साचा घेऊन नवा, हलका मुखवटा तयार केला. प्रशिक्षक टो ब्लेक यांनी सरावापुरती मुभा दिली, सामन्यात नाही. मुखवट्यामुळे पायाजवळची चकती दिसत नाही आणि गोलरक्षक गाफील होतो, असे त्यांचे मत होते.

१ नोव्हेंबर १९५९ रोजी न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये, सामना सुरू होऊन जेमतेम तीन मिनिटे झाली असताना, न्यूयॉर्क रेंजर्सच्या अँडी बाथगेट यांचा फटका प्लांत यांच्या चेहऱ्यावर बसला. टाके घालून झाल्यावर मुखवट्याशिवाय परत जाणार नाही, असे त्यांनी बजावले. ब्लेक यांच्यापुढे पर्याय नव्हता. ज्या एक-गोलरक्षक पद्धतीने खेळाडूला इतकी वर्षे मुठीत ठेवले, तिनेच त्या रात्री प्रशिक्षकाचे हात बांधले. कॅनेडियन्स ३-१ ने जिंकले.

पुढे संघ सलग अनेक सामने हरला नाही, तेव्हा विरोधाची धार बोथट झाली. ८ मार्च १९६० रोजी ब्लेक यांच्या आग्रहावरून प्लांत एकदा उघड्या चेहऱ्याने खेळले आणि डेट्रॉइटने तो सामना ३-० असा जिंकला. मुखवटा परत आला तो कायमचा. त्या मोसमाच्या बाद फेरीत कॅनेडियन्सनी आठपैकी आठ सामने जिंकून सलग पाचवा स्टॅनले करंडक मिळवला.

भारतीय वाचकाला या वादाचा सूर ओळखीचा वाटेल. क्रिकेटमध्ये हेल्मेट आले तेव्हाही उघड्या डोक्याने वेगवान मारा झेलणाऱ्यांचे कौतुक अधिक झाले. व्हिव्हियन रिचर्ड्स यांनी हेल्मेट कधीच घातले नाही. सुनील गावसकर यांनी उत्तरार्धात फक्त डोक्यापुरते छोटे कवच स्वीकारले. फरक एवढाच, की तो फलंदाजांचा स्वतःचा निर्णय होता. आईस हॉकीच्या गोलरक्षकाला तेवढीही निवड नव्हती.

सहा स्टॅनले करंडक, सात व्हेझिना करंडक, १९६२ मध्ये लीगच्या सर्वोत्तम खेळाडूसाठीचा हार्ट करंडक आणि ८२ सामन्यांत एकही गोल न स्वीकारण्याची कामगिरी एवढी प्लांत यांची एनएचएलमधील कमाई. १९६५ मध्ये ते निवृत्त झाले. पण १९६७ मध्ये लीगचे संघ सहावरून बारा झाले, गोलरक्षकांच्या जागा वाढल्या आणि १९६८ मध्ये, वयाच्या ३९ व्या वर्षी, सेंट लुईस ब्लूजने त्यांना परत बोलावले. तेथे त्यांचे जोडीदार होते ग्लेन हॉल, आणि दोघांनी मिळून त्या मोसमाचा व्हेझिना करंडक जिंकला. १९७० च्या अंतिम फेरीत दिशा बदललेल्या एका फटक्याने मुखवटा तुटला आणि प्लांत बेशुद्ध पडले. मुखवट्यानेच जीव वाचला, असे त्यांनी नंतर सांगितले. १९७५ पर्यंत ते व्यावसायिक हॉकी खेळत राहिले. १९८६ मध्ये जिनिव्हा येथे त्यांचे निधन झाले.

एनएचएलमध्ये मुखवट्याविना खेळलेले अखेरचे गोलरक्षक पिट्सबर्गचे अँडी ब्राऊन, साल १९७४. मैदानातील इतर खेळाडूंना हेल्मेटची सक्ती व्हायला १९७९ उजाडले, आणि तीही केवळ नव्याने येणाऱ्यांना. जुन्यांना दिलेल्या सवलतीचा लाभ घेणारे शेवटचे खेळाडू क्रेग मॅकटॅव्हिश १९९७ मध्ये उघड्या डोक्यानेच निवृत्त झाले.