अवटू ग्रंथीचे शस्त्रकर्म, परावटू ग्रंथी आणि कॅल्शियम : वैद्य व औषधविक्रेत्यांनी घ्यावयाची दक्षता

प्रास्ताविक

गलगंड अथवा अवटू (थायरॉइड) ग्रंथीतील गाठीच्या शस्त्रकर्मासाठी पाचोरा परिसरातील रुग्ण बहुधा जळगाव, नाशिक वा मुंबई गाठतात आणि दोन-तीन दिवसांत गावी परततात. रक्तातील कॅल्शियम सर्वांत खाली जाते तेही साधारणतः दुसऱ्या ते चौथ्या दिवशी. म्हणजे शल्यचिकित्सक दूर आणि उपद्रव घरी, अशी स्थिती होते. अशा वेळी रुग्ण प्रथम येतो तो आपल्याकडे किंवा औषधाच्या दुकानी. म्हणून या विषयाचे ज्ञान आपणां सर्वांस आवश्यक आहे.

रचना व कार्य

परावटू ग्रंथी सामान्यतः चार असून अवटू ग्रंथीच्या मागील बाजूस, तांदळाच्या दाण्याएवढ्या असतात. मानवी शरीरातील या ग्रंथींचे वर्णन स्वीडनमधील इव्हार सँडस्ट्रम यांनी १८८० मध्ये केले. त्यांच्यातील पॅराथॉर्मोन हा स्राव हाडांतून कॅल्शियम रक्तात आणतो, मूत्रावाटे जाणारे कॅल्शियम रोखतो आणि वृक्कांत ‘ड’ जीवनसत्त्व क्रियाशील करवून आतड्यातील शोषण वाढवितो. रक्तातील प्राकृत प्रमाण सुमारे ८.५ ते १०.५ मि.ग्रॅ. प्रति डेसिलिटर आहे.

संपूर्ण अवटू ग्रंथी काढताना या इवल्या ग्रंथींचा रक्तपुरवठा दुखावतो, क्वचित त्या निघूनही जातात. बहुसंख्य रुग्णांत त्यांचे कार्य काही आठवड्यांत वा महिन्यांत पूर्ववत होते. सहा महिने ते वर्ष उलटूनही न झाल्यास विकृती कायमची समजतात.

लक्षणे

ओठांभोवती व बोटांच्या टोकांना मुंग्या, हातापायांत गोळे, पुढे बोटे आखडणे, स्वरयंत्राचा संकोच व आक्षेप असा क्रम दिसतो. रक्तदाबमापकाचा पट्टा वरच्या रक्तदाबाहून अधिक फुगवून तीन मिनिटे ठेवल्यास हात आखडतो, हे त्रूसो यांचे चिन्ह होय.

व्यवसायाच्या आरंभी अशा एका रुग्णेच्या मुंग्या आम्ही वातप्रकोप समजलो आणि अभ्यंग सांगून तिला घरी पाठविले. गळ्यावरील ताजा व्रण पदराआड होता. आम्ही विचारलेही नाही. सायंकाळी तिची बोटे आखडली व शिरेवाटे कॅल्शियम देण्यासाठी तिला रुग्णालयात न्यावे लागले. तेव्हापासून मुंग्यांच्या प्रत्येक रुग्णास आम्ही गळ्याच्या शस्त्रकर्माविषयी आधी विचारतो.

प्रवाळ, शंख, शुक्ती यांचे स्थान

ही द्रव्ये कॅल्शियमयुक्त आहेत, म्हणून ‘गोळ्या बंद करा, प्रवाळ घ्या’ असा सल्ला दिला जातो. तो घातक ठरू शकतो. येथे उणीव केवळ कॅल्शियमची नसून ते शोषून घेणाऱ्या यंत्रणेची आहे. पॅराथॉर्मोनच्या अभावी ‘ड’ जीवनसत्त्व पुरेसे क्रियाशील होत नाही. म्हणूनच शल्यचिकित्सक त्याचे क्रियाशील रूप, कॅल्सिट्रिऑल, देतात. उलट चालू गोळ्यांवर ही भस्मे वाढविल्यास हिशेबाबाहेरचे कॅल्शियम जाऊन वृक्काश्मरीचा धोका संभवतो. अशा रुग्णास भस्मे द्यावयाचीच असल्यास त्याच्या शल्यचिकित्सकास कळवून व रक्ततपासणीच्या आधारेच द्यावीत.

औषधविक्रेत्यांसाठी

१. कॅल्सिट्रिऑल ०.२५ मायक्रोग्रॅमऐवजी ‘तेच ड जीवनसत्त्व’ म्हणून ६०,००० युनिटची कोलेकॅल्सिफेरॉलची कॅप्सूल देऊ नये. ती पर्याय नाही.

२. १२५० मि.ग्रॅ. कॅल्शियम कार्बोनेटमध्ये प्रत्यक्ष कॅल्शियम ५०० मि.ग्रॅ. असते. पर्यायी गोळी देताना हा आकडा पाहावा.

३. कार्बोनेट जेवणासोबत घ्यावे. थायरॉक्सिन सकाळी रिकाम्या पोटी व त्यानंतर किमान चार तासांनी कॅल्शियम. भस्मांसही हाच नियम लावावा.

४. आम्लनाशक औषधे चालू असल्यास कार्बोनेटचे शोषण घटते. हे चिकित्सकाच्या लक्षात आणून द्यावे.

उपसंहार

मुंग्या सुरू होताच त्याच दिवशी सीरम कॅल्शियम तपासावे व शल्यचिकित्सकास दूरध्वनी करावा. बोटे आखडणे, श्वासास अडथळा वा आक्षेप दिसल्यास तपासणीच्या अहवालाची वाट न पाहता रुग्णालयात पाठवावे. गलगंडानंतरचे दौर्बल्य, अग्निमांद्य यांत आपल्या शास्त्रास पुष्कळ करता येते. परंतु पहिल्या आठवड्यातील मुंग्या हे तातडीचे लक्षण आहे, हे आपण विसरू नये.