मोडलं हाड, जुळलं हाड : भाग ६ – मज्जेची पेरणी

नडगीचं हाड मोडलं आणि दोन्ही टोकं समोरासमोर राहिली, तर शरीर ती बहुधा स्वतःच सांधतं. पण अपघातात किंवा गाठ काढताना चार-सहा सेंटिमीटर हाड नाहीसंच झालं, तर तेवढी दरी त्याला भरून काढता येत नाही. यावरचे दोन उपाय आपण गेल्या आठवड्यात पाहिले. रुग्णाच्याच कमरेचं हाड काढून बसवायचं, तर कमरेला दुसरी जखम होते आणि हाड मिळतं ते मोजकंच. इलिझारोव्हची कडी लावून रोज साधारण एक मिलिमीटर हाड वाढवत न्यायचं, तर महिनोन्‌महिने पाय तारांत अडकतो. आज तिसरा मार्ग : हाडाचा सांगाडा बाहेर घडवायचा आणि आतली वस्ती रुग्णाच्या मज्जेतून आणायची.

सांगाड्यासाठी लागतं हायड्रॉक्सिअॅपेटाइट नावाचं सिरॅमिक. कॅल्शियम आणि फॉस्फेटचं हे संयुग हाडातल्या खनिजाच्याच जातीचं असल्यामुळे शरीर त्याला सहसा विरोध करत नाही. मात्र त्याची घट्ट वडी बसवली, तर नवं हाड नुसतं बाहेरून चिकटतं. म्हणून ते पावासारखं हवं, आतपर्यंत जाळीदार. भोकं निदान 100 मायक्रॉनची, 300 च्या आसपास असली तर उत्तम, आणि मुख्य म्हणजे एकमेकांत उघडणारी, कारण त्यांतून रक्तवाहिन्या शिरायच्या असतात. 1970 च्या दशकात अमेरिकी संशोधकांनी ही जाळी आयतीच मिळवली. समुद्री प्रवाळाचा सांगाडा कॅल्शियम कार्बोनेटचा असतो. उष्णता आणि दाब वापरून त्यांनी त्याचं हायड्रॉक्सिअॅपेटाइट केलं, आणि भोकं जशीच्या तशी राहिली.

पण सांगाडा म्हणजे हाड नव्हे. मज्जा रक्त तयार करते हे सर्वांना ठाऊक होतं. तिच्यातल्या काही पेशी हाडही घडवतात, हे 1960 च्या दशकात मॉस्कोत अलेक्झांडर फ्रीडेनस्टाइन यांनी दाखवलं. मज्जेतल्या हजारो पेशींत अशी एखादीच सापडते, म्हणून प्रयोगशाळेत तिची संख्या वाढवावी लागते.

हे दोन धागे माणसाच्या शरीरात एकत्र आल्याचं ठळक उदाहरण इटलीतल्या जिनोव्हाच्या रानिएरी कान्चेड्डा यांच्या गटाचं. 2001 मध्ये त्यांनी तीन रुग्णांची हकिकत प्रसिद्ध केली. एकाची नडगी, एकाचं कोपराखालचं हाड, एकाचं दंडाचं. तुटवडा 4 ते 7 सेंटिमीटरचा. आधीचे उपचार फसलेले. कमरेच्या हाडातून मज्जा घेऊन पेशी वाढवल्या, त्या रुग्णाच्या मापाच्या सच्छिद्र सिरॅमिकवर पेरल्या, ते दरीत बसवलं आणि बाहेरून आधार दिला. सहा-सात महिन्यांत हातापायांचं काम पुन्हा सुरू झालं. नेहमीच्या पद्धतीत वर्ष-दीड वर्ष लागलं असतं. पुढे सहा-सात वर्षांनी तपासलं, तेव्हाही हाड टिकून होतं.

गोम इथेच आहे. एक्सरेत सिरॅमिकही तसंच टिकून दिसत होतं. नवं हाड आलं की सांगाड्याने विरून जायला हवं, आणि हायड्रॉक्सिअॅपेटाइट फार सावकाश विरतं. ट्रायकॅल्शियम फॉस्फेट लवकर विरतं, म्हणून आता अनेक ठिकाणी दोन्हींचं मिश्रण घेतात. त्याहून अवघड प्रश्न रक्ताचा. पेशीला प्राणवायू मिळायचा तर रक्तवाहिनी एक-दोनशे मायक्रॉनच्या आत असावी लागते. मोठ्या तुकड्याच्या मधोमध पेरलेल्या पेशी वाहिन्या पोहोचण्याआधीच मरू शकतात. मला तरी सगळ्या विषयाची मेख इथेच दिसते. पेशींबद्दल बोललं जातं तेवढं रक्तवाहिन्यांबद्दल बोललं जात नाही.

शिवाय त्या तीन रुग्णांसोबत तुलनेसाठी दुसरा गट नव्हता. यश खरं, पण त्यात पेशींचा वाटा किती आणि सिरॅमिकचा किती, हे त्यावरून ठरत नाही.

सिरॅमिकचे नुसते दाणे लहान पोकळ्या भरायला आपल्याकडेही सर्रास वापरतात, त्याला हरकत नाही. पण 'स्टेम सेल'ने, म्हणजे मज्जेतल्या अशा पेशींनी, हाड वाढवून देतो अशी जाहिरात दिसली, तर ही मान्यताप्राप्त चाचणी आहे का, हे आधी लेखी विचारा. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या 2017 च्या मार्गदर्शक सूचनांनुसार अशा चाचणीबाहेर हा उपचार विकता येत नाही. चाचणी असेल, तर पेशींचे पैसे रुग्णाकडून घ्यायचे नसतात.