मेंढ्यांच्या कुरणातून धावणारी ट्राम

कॅलिफोर्नियातल्या सनीव्हेल शहराच्या उत्तर टोकाला जावा ड्राइव्ह नावाचा रुंद रस्ता आहे. त्याच्या मधोमध रूळ आहेत, रुळांवर विजेची तार आहे आणि थोड्याथोड्या अंतरावर दोन स्थानके आहेत: क्रॉसमन आणि बोरेगास. बोरेगास म्हणजे स्पॅनिश भाषेत मेंढ्या. कॅलिफोर्निया मेक्सिकोच्या अमलाखाली असताना या परिसराला ‘पास्तोरिया दे लास बोरेगास’, मेंढ्यांचे कुरण, असे नाव होते. पुढे येथे गव्हाची शेते आली, मग जर्दाळू, चेरी आणि प्लमच्या बागा बहरल्या. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस वॉल्टर क्रॉसमन या गृहस्थाने जमीन घेऊन प्लॉट पाडले, त्यातून गाव वसले आणि १९१२ मध्ये सनीव्हेलला शहराचा दर्जा मिळाला. आज त्याच जमिनीवर संगणक आणि उपग्रहांचा उद्योग उभा आहे, आणि त्यामधून एक ट्राम शांतपणे जाते. सांता क्लाराच्या या खोऱ्यातून ट्राम एकदा पूर्णपणे नाहीशी झाली होती. ती परत कशी आली, ही कथा मध्यम आकाराच्या कुठल्याही शहराने समजून घ्यावी अशी आहे.

पहिला जन्म

खोऱ्यातल्या सॅन होजे आणि सांता क्लारा या जोडगावांमध्ये १८६८ साली घोड्यांची ट्राम सुरू झाली. मुंबईत कुलाबा ते पायधुणी ट्राम धावली ती १८७४ मध्ये, म्हणजे त्यानंतर सहा वर्षांनी. १८८८ मध्ये सॅन होजेत आणखी धाडसी प्रयोग झाला. तारा डोक्यावरून न नेता रस्त्याखालच्या चरातून वीज पुरवून ट्राम चालवून पाहिली. तो टिकला नाही आणि लवकरच डोक्यावरच्या तारा आल्या.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला पेनिन्सुलर रेल्वे या कंपनीने विजेच्या गाड्या सॅन होजेबाहेर लॉस गॅटोस, साराटोगा, लॉस आल्टोस आणि पालो आल्टोपर्यंत नेल्या. या गाड्या सनीव्हेलच्या दक्षिणेकडच्या फळबागांमधून जात. वसंतात झाडे फुलली की फुलोरा दाखवणाऱ्या खास सहली निघत आणि लोक तिकीट काढून बहर पाहायला येत.

मग मोटार आली. रस्ते डांबरी झाले, घरोघरी गाडी आली, प्रवासी घटले. पेनिन्सुलर रेल्वे १९३० च्या दशकात थांबली आणि १९३८ साली सॅन होजेच्या ट्रामही बंद झाल्या. मुंबईची शेवटची ट्राम ३१ मार्च १९६४ च्या रात्री बोरीबंदरहून दादरला गेली. तिथले रूळ गेले, तरी ‘दादर टीटी’ हे नाव आजही तोंडी आहे. त्यातले टीटी म्हणजे ट्राम टर्मिनस.

एकोणपन्नास वर्षांनंतर

१९७० च्या दशकात रस्ते कितीही रुंद केले तरी कोंडी सुटत नाही, हे या खोऱ्याला कळून चुकले. १९७६ मध्ये सांता क्लारा काउंटीच्या मतदारांनी सार्वजनिक वाहतुकीसाठी स्वतःवर अर्ध्या टक्क्याचा विक्रीकर बसवून घेतला. परतीचा पाया या मतदानाने घातला. त्यामागे काउंटीचे पर्यवेक्षक रॉड डिरिडॉन यांचे मोठे श्रम होते. सॅन होजेचे मुख्य रेल्वे स्थानक आज त्यांच्या नावाने ओळखले जाते.

डिसेंबर १९८७ मध्ये नव्या ट्रामचा पहिला टप्पा सुरू झाला. १९३८ ते १९८७, एकोणपन्नास वर्षांनी खोऱ्याच्या रस्त्यांवर पुन्हा रूळ दिसले. अमेरिकेत या नव्या पिढीच्या ट्रामला ‘लाइट रेल’ म्हणतात. त्याच दशकात सॅन डिएगो, पोर्टलंड आणि सॅक्रामेंटो या शहरांनीही हीच वाट धरली. सांता क्लारा शहरातले ओल्ड आयर्नसाइड्स हे स्थानक बारा वर्षे या मार्गाचे टोक होते. डिसेंबर १९९९ मध्ये टॅस्मन ड्राइव्हवरून रूळ पुढे सरकले, रीमवूड, व्हिएन्ना, फेअर ओक्स अशी स्थानके घेत २३७ क्रमांकाचा महामार्ग ओलांडून जावा ड्राइव्हवर आले आणि माउंटन व्ह्यूला पोहोचले. तिथे सॅन फ्रान्सिस्कोला जाणारी कॅलट्रेन मिळते. आज हा ऑरेंज लाइनचा भाग आहे.

ट्रामचे यंत्र जवळून

फेअर ओक्सच्या फलाटावर उभे राहिले की आधी घंटा ऐकू येते, मग जपानी किंकी शार्यो कंपनीच्या बांधणीची तीन भागांची गाडी वळण घेताना दिसते. भागांमध्ये सांधे असल्यामुळे सुमारे सत्तावीस मीटर लांबीची गाडी चौकातल्या वळणावरही सहज वाकते. छपरावरचा घडीचा दांडा तारेतून वीज घेतो, मोटारी चाके फिरवतात आणि वीज रुळांमधून परत जाऊन मंडल पूर्ण होते. पोलादी चाक पोलादी रुळावर फार कमी घासते, म्हणून एवढे वजन थोड्या शक्तीत ओढले जाते.

दार उघडते तेव्हा गाडीची जमीन आणि फलाट एका पातळीत असतात. बाबागाडी, चाकाची खुर्ची, सायकल, काहीही उचलावे लागत नाही. बोरेगास सोडून पुढे गेले की मॉफेट पार्क या कार्यालयांच्या भागाच्या बाजूला हँगर वन दिसतो. १९३० च्या दशकात ‘मेकॉन’ या महाकाय वायुनौकेसाठी (एअरशिपसाठी) बांधलेल्या या हँगरची लांबी सुमारे ३४५ मीटर आहे.

रुळांभोवतीचे गाव

जुन्या काळी ट्राम आणि वस्ती एकमेकींना धरून वाढल्या. लोक चालत थांब्यावर येत. सनीव्हेलला ट्राम आली तेव्हा मात्र मॉफेट पार्कमध्ये कार्यालये होती आणि त्यांच्याभोवती विस्तीर्ण वाहनतळ होते. फलाटावरून उतरलेल्या माणसाला आधी मोटारींचे पटांगण ओलांडावे लागे, त्यामुळे गाडी चांगली असूनही डबे भरणे अवघड होते. ट्राम परत आणताना नुसते रूळ टाकून भागत नाही. चालत येतील इतक्या जवळ माणसे राहिली पाहिजेत, दुकाने असली पाहिजेत, सावलीचा पदपथ असला पाहिजे.

हे काम आता सुरू झाले आहे. जुलै २०२३ मध्ये सनीव्हेलच्या नगर परिषदेने मॉफेट पार्कचा नवा आराखडा मंजूर केला. जिथे घरांना जागाच नव्हती, तिथे आता सुमारे वीस हजार घरांची तरतूद आहे. २०२० च्या जनगणनेनुसार शहराची लोकसंख्या सुमारे एक लाख छप्पन्न हजार आहे. त्या मानाने ही केवढी मोठी उडी आहे! मेंढ्यांच्या कुरणात रूळ आधी आले, घरे मागून येत आहेत.

भारतातून मुलांकडे आलेल्या आजी-आजोबांना या सगळ्याचे मोल सर्वांत लवकर कळते. इथे मोटार चालवता न येणारा माणूस घरात अडकतो; भाजीला जायचे तरी मुलगा किंवा सून कामावरून येण्याची वाट पाहावी लागते. पर्शियन ड्राइव्हवरचे हिंदू मंदिर फेअर ओक्स स्थानकापासून चालत जाण्याजोगे आहे. ज्या आजीला स्थानकाजवळ घर मिळेल, तिला हातात नारळाची पिशवी घेऊन, कुणालाही न विचारता, मनात आले की देवळात जाता येईल.