गुरांच्या वाटांवरचा प्राध्यापक

शिकवायचा विषय शेती, पण ध्यास स्थानिक इतिहासाचा. वेल्सच्या रिचर्ड कोलियर यांनी राजेरजवाड्यांना बाजूला ठेवून गुरं हाकणाऱ्यांचा इतिहास लिहिला.

बैलाच्या एका पायाला पत्र्या किती? घोड्यासारखी एक नव्हे, दोन, कारण खूर दुभंगलेला. म्हणजे एका जनावराला आठ. आता तीनशे गुरांच्या कळपाचा हिशेब करा... तब्बल चोवीसशे पत्र्या! हा खर्च करून वेल्सचे गुरं हाकणारे, तिथल्या भाषेत ‘ड्रोव्हर’, डोंगर ओलांडून थेट इंग्लंडच्या बाजारापर्यंत चालत जायचे. बदकांसारखे हंसही पायी निघत. त्यांच्या पायांना आधी डांबर, मग वाळू!

आबेरिस्टविथच्या विद्यापीठ महाविद्यालयात शेती हा विषय शिकवणाऱ्या कोलियर यांनी याच व्यापाराचा पाठपुरावा केला. डोंगराळ वेल्समध्ये गवत कमी, तेव्हा गुरं वाढवायची इथे आणि ती पुष्ट व्हायची इंग्लंडच्या कुरणांत. जमीनदाराचा खंड भरायला शेतकऱ्याच्या हाती रोख पैसा यायचा तो या गुरांचाच.

साहजिकच ड्रोव्हर विश्वासाचा हवा. सोळाव्या शतकातल्या कायद्याने त्याला परवाना सक्तीचा केला. तो मिळवायचा तर वय तिशीपुढचं, लग्न झालेलं आणि स्वतःचं घर हवं! याच पैशाच्या व्यवहारातून 1799 साली लॅनडव्हरी गावात एक बँक उभी राहिली. तिच्या नोटांवर चक्क काळा बैल असे.

हे सारं कोलियर यांनी ऐकीव गोष्टींवर सोडलं नाही. जोनाथन नावाच्या एका ड्रोव्हर घराण्याच्या हिशेबवह्या त्यांनी तपासल्या. कुठल्या नाक्यावर किती टोल भरला, रात्रीच्या चाऱ्याला किती लागले, गुरं हाकायला मदत करणाऱ्या पोराच्या हातावर काय ठेवलं... बारीकसारीक नोंदींतून अख्खा प्रवास उभा राहिला. 1976 साली ‘द वेल्श कॅटल ड्रोव्हर्स’ हे त्यांचं पुस्तक आलं. 1984 साली वेल्समधल्या जुन्या वाटांवरचं दुसरं. नॅन्टेओस या जमीनदारी इस्टेटीच्या पडझडीचा अभ्यासही त्यांनी केला.

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यानंतर वेल्समध्ये रेल्वे पसरली. 1864 साली ती आबेरिस्टविथलाही पोहोचली. गुरं डब्यांत चढली, वाटांवर गवत माजलं. टोल चुकवण्यासाठी आडवाटेने जाणारी ती माणसंही विस्मृतीत गेली असती. त्यांना वाचवलं ते कुणीतरी जपून ठेवलेल्या वह्यांनी आणि त्या वाचायला बसलेल्या एका शेतीच्या प्राध्यापकाने.

माळ्यावरची आजोबांची हिशेबवही रद्दीत घालण्यापूर्वी एकदा उघडून बघायला काय हरकत आहे?