ग्रंथांना ओल लागू देऊ नका!

आषाढ पौर्णिमेला वर्षावास सुरू होतो. विहाराविहारांतून 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथाचे वाचन होते. आणि नेमक्या याच तीन महिन्यांत विहाराच्या कपाटातील पुस्तकांना बुरशी चढते! मुंबईच्या जुन्या वस्त्यांत रस्ते उंच होत गेले आणि तळमजल्याच्या खोल्या तळघरासारख्या खाली राहिल्या. आमच्या विहाराचे वाचनालय अशाच खोलीत आहे. शासनाने १९७९ पासून प्रसिद्ध केलेले बाबासाहेबांचे खंड गेल्या पावसाळ्यात उघडले, तर पाने एकमेकांना चिकटलेली!

१९६७ साली दिल्लीतील २६, अलिपूर रोड येथे बाबासाहेबांची कितीतरी कागदपत्रे उघड्यावर पडून पावसात नष्ट झाली. तो घाव समाज विसरलेला नाही. मग आपल्याच कपाटातले ग्रंथ आपण ओलीच्या हवाली कसे करावे?

म्हणून आम्ही हवेतील दमटपणा शोषणारे यंत्र, म्हणजे डीह्युमिडिफायर, घेण्याचे ठरवले. त्याआधी एक परीक्षा अवश्य करावी. भिंतीला प्लॅस्टिकचा तुकडा चारी बाजूंनी चिकटवून दोन दिवस ठेवावा. भिंतीकडची बाजू ओली झाली, तर पाणी भिंतीतून झिरपते आहे. आधी गवंडी बोलवा, यंत्र नंतर. खोलीकडची बाजू ओली झाली, तर दोष दमट हवेचा. तिथे यंत्र उपयोगी पडते.

यंत्रे मुख्यतः दोन प्रकारची असतात. कॉम्प्रेसरचे यंत्र उष्ण व दमट हवेत उत्तम चालते. आपल्याकडे तेच घ्यावे. परदेशात थंड तळघर असलेल्या आपल्या बांधवांनी मात्र शोषक द्रव्याचे यंत्र पाहावे, कारण थंडीत कॉम्प्रेसरच्या नळ्यांवर बर्फ साचते. हातात मावणाऱ्या स्वस्त डब्या दिवसाला जेमतेम पेलाभर पाणी काढतात. खोलीसाठी त्यांचा उपयोग नाही.

डब्यावर 'दिवसाला अमुक लिटर' असे लिहिलेले असते. हा आकडा बहुधा ३० अंश तापमान आणि ८० टक्के आर्द्रतेचा असतो, हे विचारून घ्यावे. पाणी नळीने मोरीत सोडण्याची सोय आणि आर्द्रता ठरवून देण्याचे बटण, या दोन गोष्टी हव्यातच. आर्द्रता ५५ टक्क्यांच्या आसपास ठेवावी. ७० च्या वर गेली की बुरशी फोफावते. ३०० वॅटचे यंत्र दहा तास चालले, तर ३ युनिट वीज लागते. हा हिशेब समितीपुढे आधीच मांडावा.

यंत्र चालू असताना दारे-खिडक्या बंद ठेवाव्यात. 'हवा खेळू द्या' हा सल्ला भर पावसाळ्यात उलटा पडतो. बाहेरची ओल आत येते. यंत्र उंच चौरंगावर ठेवावे, अर्थिंग तपासून घ्यावे, जाळी पंधरवड्याला धुवावी. साठलेले पाणी पिऊ नये. कपाट भिंतीपासून चार बोटे दूर सरकवावे. डांबरगोळ्यांनी कसर पळते, ओल नव्हे!

एवढा पैसा कुठून आणायचा, असे कुणी विचारील. जयंतीच्या वर्गणीतून मंडप होतो, रोषणाई होते, वाद्ये होतात. त्यातला थोडा भाग दरवर्षी वाचनालयासाठी बाजूला काढावा, असे आम्ही आमच्या मंडळात सुचवले. आपल्या विहारातही हा विषय पुढच्या बैठकीत अवश्य घ्यावा. ज्यांनी पुस्तकांसाठी घर बांधले, त्यांच्या जयंतीचा याहून चांगला खर्च कोणता?